सलगर अण्णा आणि उजेडाचा सांधा

सलगर अण्णा कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा तळहात लावत नसत. आधी हाताची पाठ लावत, चटकन मागं घेत, आणि मग खात्री पटली तरच तळहात. दाराची कडी, नळाची तोटी, सायकलचं हँडल, जीपचा दांडा, सगळ्यांना हाच नियम. एकदा गल्लीत जावळाच्या कार्यक्रमाला आणलेल्या बोकडाला त्यांनी हाताची पाठ लावलेली मी स्वतः पाहिली आहे. बोकडात करंट कुठून येणार, असं मी विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "मांडवाच्या खांबाला बांधलंय न्हवं. खांबावर माळ हाय लाईटीची. खात्री केलेली बरी."

यामागं शास्त्र होतं. करंटची वस्तू तळहातानं धरली की बोटं मिटतात आणि माणूस चिकटतो. हाताची पाठ लागली तर हात आपोआप झटकला जातो. हे शास्त्र मला पहिल्याच भेटीत ऐकायला मिळालं. मी तेव्हा लोहाऱ्याच्या हायस्कुलात मराठी शिकवायला नव्यानं लागलो होतो. नोकरदारांच्या गल्लीत खोली मिळाली, शेजारची खोली अण्णांची. मी ओळख सांगून हात पुढं केला. त्यांनी माझ्या मनगटाला बोटांची पाठ लावली, जरा थांबले आणि मग हात हातात घेतला. मला वाटलं, नाडी बघतोय म्हणजे हा वैद्य असणार. निघाले पोस्टातले क्लार्क.

अण्णा मूळचे येरमाळ्याकडचे. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. घरात नोकरीला लागलेला पहिला माणूस हाच. चाळिशीला टेकलेले, अंगानं काटकुळे, पांढरा लांब बाह्यांचा सदरा आणि खिशात पेनाशेजारी टेस्टर. दिवसभर पोस्टाच्या खिडकीत तिकिटं आणि मनिऑर्डरी, आणि संध्याकाळी खोलीवर जुन्या रेडिओंचे सांगाडे, वायरींची भेंडोळी, सोल्डरिंगचा धूर. विजेला इतका घाबरणारा माणूस फावल्या वेळात विजेशीच खेळतो, याचं मला नवल वाटायचं. एकदा तसं बोललो.

"भीतो म्हणून तर जमतं, सर," ते म्हणाले. "जे भीत न्हायत, ते मरतेत."

काम करताना ते लाकडी पाटावर उभे राहत आणि डावा हात कमरेमागं करगोट्यात अडकवून ठेवत. दोन्ही हात पुढं असले की करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडं जातो, म्हणून एक हात कायमचा रजेवर. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस रेडिओला ताठ उभं राहून मानवंदना देतोय.

त्यांचं लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं, हे त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना तोंडावरची रेघ हलली नाही. ढोकीकडचे एक पाहुणे मुलीचं स्थळ घेऊन खोलीवर आले होते. मुलगी चांगली होती, पाहुणे चांगले होते. अण्णांनी खोलीभर पसरलेल्या वायरींकडं बघून नकार दिला. म्हणाले, उद्या लेकरं होतील, ती रांगतील, आणि रांगणारं लेकरू पहिलं बोट प्लगात घालतं. पाहुण्यांनी सुचवलं की वायरी उचलून माळ्यावर टाकाव्यात. त्यावर अण्णांनी सांगितलं की लेकरू पुढं चालायला लागतं, मग चढायला लागतं. पाहुणे चहा न घेताच उठले. ही हकीकत ऐकून मी पोट धरून हसलो. अण्णा हसले नाहीत.

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "मधी अंतर पायजे." सुरुवातीला मला हे वाक्य माणूसघाणेपणाचं वाटलं. ते कुणाच्या घरी जेवायला जात नसत, हौदावर सगळ्यांत शेवटी पाणी भरत, चावडीवरच्या गप्पांत उभ्याउभ्या दोन शब्द बोलून निघत. पण वाक्य होतं सर्किटचं. एका बाजूला टॉर्चच्या सेलवर चालणारं गरीब सर्किट, दुसऱ्या बाजूला घरातली लाईन. ही दोन कुठं एकमेकांना भिडली की मोठीचा करंट लहानात घुसणार, लहान जळणार, आणि त्याला हात लावलेला माणूसही जाणार. म्हणून दोघांत तारेचा संबंध नको. आणि तरी इकडचा निरोप तिकडं पोचला पाहिजे.

"मग जायचा कसा?" मी विचारलं.

"उजेडानं."

आणि त्यांनी मला एक काळी रबरी नळी दाखवली, बोटाच्या पेराएवढी. तिच्या एका तोंडात लाल रंगाचा इवलासा दिवा बसवलेला. दुसऱ्या तोंडात चपटा गोल डोळा. त्याच्यावर उजेड पडला की तो करंटला वाट देतो, अंधार झाला की वाट बंद. इकडच्या सर्किटनं दिवा लावायचा, तिकडच्या सर्किटनं तो डोळ्यानं बघायचा. मध्ये तार नाही, काही नाही, फक्त नळीतला उजेड. पुस्तकात याला ऑप्टोकपलर म्हणतात. अण्णा म्हणत, उजेडाचा सांधा. मला इलेक्ट्रॉनिक्समधलं ओ की ठो कळत नाही, पण ही युक्ती मला फार आवडली आणि तसं मी बोललोही. अण्णा लाजले.

कंपनीत तयार केलेला ऑप्टोकपलरही त्यांच्याकडं होता. मुंबईहून व्ही.पी. पार्सलनं मागवलेला. पार्सल आलं त्या दिवशी मी पोस्टात होतो. अण्णांनी खिडकी बंद केली, वळसा घालून बाहेर आले, रांगेत माझ्यामागं उभे राहिले. पोस्टमास्तरांनी वैतागून खिडकी उघडली, अण्णांनी सही केली, पार्सल घेतलं, परत वळसा घालून आत गेले आणि त्या सहीवर शिक्का मारला. आत निघाला सहा पायांचा काळा किडा, तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढा. अण्णांनी तो पालथा-उलथा करून बघितला आणि डबीत ठेवून दिला. वापरला नाही. कारण तो बंद होता. "आत दिवा हाय, डोळा हाय, मधी अंतर हाय, असं कंपनी म्हणती. पण कुणी उघडून बघितलंय?" आपली रबरी नळी कशी, कधीही सरकवून बघता येते. या खात्रीपायीच पुढचं सगळं घडलं.

त्या वर्षी पाऊस नावाला पडला. त्याच्या आदल्या वर्षीही नावालाच पडला होता. गावाबाहेर रोजगार हमीवर माणसं खडी फोडत होती आणि टँकर आला की त्याच्यामागं बायका पळत होत्या. आमच्या गल्लीनं तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं सोसायटी काढली. त्या काळात आमच्याकडं चार माणसं एकत्र बसली की सोसायटी निघायची, दुधाची, उसाची, शेळ्यांची, आमची पाण्याची. गुंडेराव नावाचे निवृत्त ग्रामसेवक चेअरमन झाले. ओढ्याकडची एक विहीर ठरवली, मोटार बसवली, पाइप टाकून गल्लीत सिमेंटचा हौद बांधला. हौद बरोबर अण्णांच्या दारासमोर.

विहिरीचा झरा बारीक होता आणि लाईट लहरी. मोटार चालू राहून विहीर आटली की मोटार कोरडी फिरून जळायची. एकदा जळाली, उमरग्याहून आतली तांब्याची तार नव्यानं भरून आणली, पुन्हा जळायच्या बेताला आली. तेव्हा अण्णा आपणहून पुढं आले. त्यांनी विहिरीत आणि हौदात पितळी कांड्या सोडल्या, पाणी टेकलं की ओळखणाऱ्या. विहिरीत पाणी असेल आणि हौद रिकामा असेल तरच मोटार चालणार, नाहीतर आपोआप बंद. कांड्यांकडं जाणारी बाजू टॉर्चच्या सेलवर, मोटारीकडची बाजू लाईनवर आणि मधी अर्थातच काळी नळी. सगळं एका लाकडी डब्यात घालून डबा मोटारीच्या खोलीत लावला. लावण्याआधी इतके दिवस तपासत बसले की गुंडेरावांनी वैतागून त्यांना विचारलं, डबा बसवताय का मुलगी देताय.

डबा बसला आणि गल्लीला पाणी मिळू लागलं. लाईट आली, डब्याची पिन घातली, की मोटार आपली आपण चालू व्हायची. बायका घागरी घेऊन हौदावर यायच्या, हात कोपरापर्यंत बुडवून तांब्यानं घागर भरायच्या. अण्णा दारात उभे राहून बघायचे. त्या काळात ते जरा माणसांत आले होते, आमच्या घरी एकदा भाकरी-पिठलंही खाऊन गेले.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरी शस्त्रपूजा नसते. दसऱ्याला आम्ही उमरग्याच्या विहारात गेलो होतो, आणि अण्णा सणाला गावाकडं. मोटारीच्या खोलीची किल्ली असायची रुक्मिणमावशीकडं. पलीकडंच राहणारी, एकटी, अतिशय भाविक बाई. नवमीला तिनं खोली सारवली, मोटारीला हार घातला, स्टार्टरला हळदकुंकू लावलं. मग अण्णांचा डबा. बाहेरून लावलं, पण तिचं समाधान होईना. आतल्या दिव्यामुळं गल्लीला पाणी मिळतं हे तिला अण्णांनीच सांगितलेलं. मग तिनं डबा उघडला, काळी नळी हळूच सरकवली, दिव्याला बोट लावलं, डोळ्याला बोट लावलं, ओलं हळदकुंकू, अगदी भरगच्च, आणि नळी होती तशी बसवून नमस्कार केला.

दसऱ्याच्या दिवशी लाईट आली. दिवा पेटला असेल, पण डोळ्याला तो दिसला नाही. मोटार गप्प. घरोघरी पाहुणे, पुरणाची भांडी पडलेली आणि हौद कोरडा. गुंडेरावांचे जावई अंगाला तेल लावून पाण्याची वाट बघत बसले होते. शेवटी गुंडेरावांनी रज्जाक मिस्त्रीला बोलावलं.

रज्जाक मिस्त्री म्हणजे अण्णांच्या अगदी उलटा माणूस. मोटारी भरायचा, वायरिंग करायचा, आणि तारेत करंट आहे का हे बोटानं बघायचा. करंट म्हणजे मुंगी चावल्यासारखं, असं त्याचं मत. त्यानं डबा उघडला, कुंकवात बुडालेली नळी बघितली, ती उपटून बाजूला ठेवली आणि दोन्हीकडच्या तारा पिळून एक केल्या. वर चिकटपट्टी मारली. मोटार धडधडत सुरू झाली. जावयांची आंघोळ झाली. मिस्त्रीला पुरणपोळी मिळाली.

अण्णा परत आले ते थेट डब्याकडं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

गुंडेरावांच्या ओसरीवर त्याच संध्याकाळी बैठक झाली. अण्णा उभे राहून बोलले, आणि त्यांना इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आता लाईन आणि हौदातलं पाणी यांच्यात अंतर उरलेलं नाही. डब्याची पिन दोन काट्यांची. लाईट गेली की रुक्मिणमावशी ती काढून ठेवते, आली की घालते. सुलटी बसली तर पाणी हे पाणी आहे. उलटी बसली तर कांड्यांवाटे हौदात करंट. हे ती घालणाऱ्याला कळत नाही आणि भरणाऱ्यालाही नाही.

कुणाला फारसं पटलं नाही. गुंडेराव म्हणाले, सकाळपासून गल्ली पाणी भरतेय, कोण मेलं. रज्जाक मिस्त्री तर उठून हौदावर गेला, सगळ्यांदेखत दोन्ही हात पाण्यात घातले, चूळ भरली आणि ओले हात झटकत परत आला. सगळे हसले. पिन त्या वेळी सुलटी होती, असं अण्णा म्हणत राहिले. आणि गल्लीच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती: कुंकू लावलं की बंद पडणारा डबा सणासुदीला कामाचा नाही. नळी धुऊन देतो, असं अण्णांनी सांगितलं. पण सोसायटीनं ठरवलं की चाललंय ते चालू द्यावं.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी मोटारीच्या खोलीत जाऊन कांड्यांच्या तारा स्वतःच सोडवल्या. गल्लीला दिवसभर पाणी नाही. बायकांनी अण्णांच्या दारात येऊन जो उद्धार केला तो मी भिंतीपलीकडून ऐकला. गुंडेरावांनी तारा परत जोडून घेतल्या, खोलीचं कुलूप बदललं आणि अण्णांना बजावलं की पुन्हा हात लावलात तर तुमच्या साहेबाला कळवतो. तेव्हा अण्णांनी शेवटचा उपाय म्हणून रुक्मिणमावशीला लाल रंगाची डबी दिली आणि पिनेच्या वरच्या बाजूला खूण करायला सांगितली, म्हणजे रोज सुलटी बसेल. मावशीनं खूण केली. दोन्ही बाजूंना. एकाच अंगाला लाल लावणं तिला अशुभ वाटलं.

यानंतर अण्णा बदलले. पोस्टाच्या खिडकीत बसल्याबसल्या त्यांचं लक्ष वरच्या पंख्याकडं असायचं. लाईट नसायची तोवर ठीक. पंखा फिरला, की लाईट आली. मग समोर कुणी असो, पाकीट अर्धं चिकटवलेलं असो, अण्णा खुर्चीवरून उठून पळत सुटायचे, गल्लीकडं. थोड्या वेळानं धापा टाकत परत. पोस्टमास्तरांनी समज करून घेतला की यांना हगवण लागलीय आणि बेलफळाचा मुरंबा आणून दिला. अण्णांनी तो निमूट खाल्ला.

त्यांची उजवी बाही ओली असायची. दंडापर्यंत. हे माझ्या बायकोनं, शांतानं, पहिल्यांदा हेरलं. दुष्काळात ओली बाही लपत नाही. गल्लीत कुजबुज सुरू झाली की अण्णा चोरून हौदावर अंग धुतात. मी शांताला म्हणालो, उगाच काहीतरी. पण मनातून मलाही चिंता लागली. माणूस खंगत चालला होता, डोळे खोल गेले होते, दाढी वाढलेली. पहाटे भिंतीपलीकडून त्यांच्या दाराची कडी वाजायची. मला वाटायचं, या भीतीनं यांना वेड लागणार. आणि खरं सांगायचं तर मी शांताला हौदावर पाठवताना रोज काळजीत असायचो, आणि तरी पाठवत होतो. पाणी तर लागतंच.

एका पहाटे लाईट आली, दूर मोटारीचा आवाज सुरू झाला, आणि शेजारची कडी वाजली. मी उठून बाहेर आलो. बाया अजून यायच्या होत्या. हौदावर अण्णा होते. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, पाणी भरणाऱ्या बायांसारखे अनवाणी ओल्या जमिनीवर उभे. एका हातात टेस्टर. तो त्यांनी पाण्याला लावला, बघितला, खिशात ठेवला. मग डोळे घट्ट मिटले. ओठ हलत होते. आणि उजवा हात त्यांनी दंडापर्यंत हौदात घातला.

मी धावलो नाही. ते तसेच उभे होते, आणि त्यांचं सगळं अंग थरथरत होतं. मला वाटलं लागला करंट. पण मग त्यांनी हात बाहेर काढला, मोठा श्वास सोडला, आणि मला बघितलं.

त्यांना फार शरमल्यासारखं झालं. मी विचारलं, "अण्णा, हे काय करताय?"

"बायका येतेत आता," ते म्हणाले. "कुणीतरी आदी बघाया पायजे न्हवं. पिन आजपतुर सुलटी बसली, आज कशी बसली कुणाला ठावं."

"टेस्टर आहे की तुमच्याकडं."

"टेस्टर ओल असली की उगंच लुकलुकतो. एखांद्या येळी पेटत बी न्हाय. तो चुकला तर एखांदीचा जीव जाईल. हात चुकत न्हाय."

मला त्यांचा संताप आला. ज्या माणसानं बोकडाची खात्री केली होती, तो दर वेळी लाईट आली की हे करत होता, दिवसातून कितीदा कोण जाणे, नोकरी सोडून पळत येऊन. अण्णा हात सदऱ्याला पुसत हौदाच्या कडेवर टेकले. मग खाली बघत म्हणाले, "तुमी आलात ते बरं झालं, सर. एकट्याला लई भ्या वाटतं."

मी म्हणालो, उद्यापासून मी येतो.

"या. पर येताना वाळकी काठी आणा. म्या चिकटलो तर मला हात लावू नका. काठीनं ढकला, जोरात. काठीच. हात न्हाय."

त्यानंतर मी पहाटे बाभळीची वाळकी काठी घेऊन हौदावर उभा राहू लागलो. दिवसा शाळेतून निघता येत नसे, तेव्हाचं त्यांचं ते बघत. पहाटे मात्र दोघं. ते डोळे मिटून हात घालत, मी काठी धरून उभा. माझेच हात घामेजायचे. हात बाहेर आला की आम्ही दोघं कडेवर बसत असू, आणि गल्लीतून पहिली घागर वाजली की अण्णा उठून आपल्या दारात जात. मी हे कुणाला सांगावं, अशी त्यांची इच्छा नव्हती. लोक हसतील म्हणाले.

पण रोज पहाटे काठी घेऊन बाहेर जाणाऱ्या नवऱ्याच्या मागं कुठलीही बायको जाणारच. शांता गेली. कोपऱ्यावरून तिनं सगळं पाहिलं. मला वाटलं रडेल, भांडेल. ती हौदावर आली आणि आपली घागर कडेवर पालथी घातली. मागून आलेल्या बाईनं विचारलं काय झालं, तर तिला सांगितलं. तिनंही घागर पालथी घातली. उजाडेस्तोवर हौदाच्या कडेनं पालथ्या घागरींची ओळ लागली होती, हौद काठोकाठ भरलेला, आणि एकही तांब्या पाण्यात गेला नव्हता. त्यात ज्या बायांनी अण्णांचा उद्धार केला होता त्याही होत्या. गुंडेराव आले. शांतानं त्यांना एवढंच सांगितलं, "काका, डबा बसंपतुर पाणी न्हाय. तुमी भरा, तुमी प्या."

गुंडेराव पाणी भरायला पुढं झाले नाहीत. त्यांनी मिस्त्रीकडं माणूस धाडला.

रज्जाक मिस्त्रीला कुणीतरी वाटेतच सांगितलं असावं. तो आला तो नेहमीसारखा बोलत आला नाही. अण्णांच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "मैं एकच बार हात डाल्या, तर गल्लीभर मिजास मारली. तुमी डरते डरते रोज डालते." मग त्यानं नळी मागितली. अण्णांनी नळी दिली नाही. कुंकवाची पुन्हा भीती. बराच वेळ विचार करून त्यांनी डबीतला सहा पायांचा किडा काढला. आत खरंच अंतर असेल का, ही शंका होतीच. मिस्त्री म्हणाला, कंपनीवाल्यांच्या घरीही बायका पाणी भरत असतील की. हे अण्णांना पटलं. दोघांनी मिळून डबा बसवला, पिळलेल्या तारा सोडवल्या. टेस्टर अण्णांनी लावला, आणि त्यांनी हात घालायच्या आत मिस्त्रीनं त्यांना बाजूला सारून स्वतःचा घातला. संध्याकाळपर्यंत पिन उलटी-सुलटी करून सगळं पुन्हा पुन्हा बघून झालं. हौदात पाणी होतं आणि फक्त पाणी होतं. रुक्मिणमावशी लांबून बघत होती. तिनं विचारलं, या किड्याला कुंकू चालतं का. अण्णा म्हणाले, चालतं, वरून.

दुसऱ्या दिवशी पहाटे लाईट आली. मोटार सुरू झाली. मी सवयीनं उठलो, काठी उचलली, आणि मग ठेवून दिली. शेजारची कडी वाजली नाही. मी बाहेर येऊन बघितलं. अण्णांचं दार लोटलेलं होतं. हळूच दार ढकललं. आत अण्णा सतरंजीवर आडवे पडले होते, दोन्ही हात पसरून, तोंड उघडं, आणि घोरत होते. किती रात्रींची झोप होती ती, मला माहीत नाही.

मी दार ओढून घेतलं. तोवर बायका हौदावर आल्या होत्या. रोजच्यासारख्या ओरडत येत होत्या, कुणाची घागर आधी यावरून बोलाचाली सुरू होणारच होती. शांतानं अण्णांच्या दाराकडं बोट केलं आणि सांगितलं की झोपलेत. मग कुणी काही बोललं नाही. एकेक बाई पुढं येत होती, तांब्या पाण्यात अलगद सोडत होती, घागर भरली की ती दुसरीला धरू लागत होती, म्हणजे ठेवताना दगडावर वाजू नये. ऊन आलं, पोस्ट उघडायची वेळ होऊन गेली. सगळी गल्ली पाणी भरून गेली, आणि त्या दिवशी हौदावर भांड्याला भांडं लागलं नाही.